आधी तिला इचारा

डॉक्टरांनी कागद पुढं केला तो यल्लाप्पाच्या. गाठ बायडाबाईच्या छातीत, बायडाबाई शेजारीच बसलेली, पण अंगठा हवा नवऱ्याचा. घ्या!

"सगळा स्तनच काढू, म्हणजे कटकट मिटली," डॉक्टर म्हणाले.

"आवं, मघाच्या मास्तरीणबाईस्नी तर नुसती गाठ काढू म्हनला." दाराशी बसून बायडाबाईनं सगळं ऐकलं होतं. "माझी गाठ तिच्यापरीस मोठी हाय का?"

"नाही, तेवढीच आहे. पण मग पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज मशिनीवर किरणांचा शेक घ्यावा लागतो. त्या सांगलीतच राहतात. तुम्ही जतकडची माणसं अर्ध्यात पळून जाता आणि गाठ परत येते. शिवाय पोरं मोठी झाली तुमची. आता ठेवून काय करायचंय?"

बायडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमची मिशी काय दूध देती व्हय, डॉक्टर? तरी राखलीयाच की!"

यल्लाप्पानं हसू पटक्याच्या शेवात दाबलं. डॉक्टर लालबुंद झाले. "अहो, पाच आठवडे राहणार कुठं?"

धनगराच्या बाईला हे विचारायचं! वर्षातले आठ महिने जिचा संसार घोड्याच्या पाठीवर, तिला म्हणे राहणार कुठं.

"ऱ्हायाचं आमी बघतो. तुमी गाठ तेवढी काढा. आन अंगठा माझा घ्या."

ऑपरेशनची जखम भरली तसा यल्लाप्पानं कळपच सांगलीला आणला. दवाखान्यापासून कोसभरावर भरतेश पाटलांच्या ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली. लेंडीखतासाठी शेतकरी धनगराची वाटच बघत असतात. पाटलांनी वर जोंधळाही दिला. बायडाबाई रोज पायी शेकाला जाई. कातडी काळी पडली, घास गिळवेना, तरी एक खेप चुकली नाही.

पंचविसावा, शेवटचा शेक झाला आणि ती डॉक्टरांना तसं सांगायला गेली. आत कुपवाडच्या कारखान्यात काम करणारी शालूबाई मान खाली घालून बसली होती. तिच्याही छातीत तशीच गाठ. डॉक्टर बोलत होते ते तिच्या नवऱ्याशी.

"आधी तिला इचारा," बायडाबाई दारातूनच म्हणाली.

"तुम्ही बाहेर व्हा!"

"न्हाई हुत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बायडाबाई हलेना म्हटल्यावर त्यांनी दोन्ही वाटा शालूबाईला नीट समजावल्या.

"सगळंच काढा," शालूबाई म्हणाली. "गाठ परत येती का काय, ह्ये रोजच्या रोज भ्या मला नगं."

बायडाबाईला लय वाईट वाटलं. तरी ती डॉक्टरांकडं वळली.

"ऐकलं न्हवं? तिनं सांगितलंय. आता काढा."