केतूवरचा अंगठा

जयनगरातल्या त्या मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर रविवारी सकाळी दहालाच मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी जिथे नवरानवरीच्या खुर्च्या मांडतात त्या व्यासपीठावर झेंडूचा हार घातलेली एक इलेक्ट्रिक गिटार स्टँडवर उभी होती. तिच्यामागे लहान कपाटाएवढा, जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. पुढे जमिनीवर, भगव्या रेशमी फडक्याखाली झाकलेले नऊ डबे. फडक्याला खेटून एक नक्षीदार खुर्ची आणि खुर्चीत नादगुरू प्रणीतजी. पांढरा कुर्ता, केसांचा बुचडा, गालाला चिकटवलेला माइक, हातात पितळी घंटा आणि अनवाणी पाय.

"लोक यांना पेडल म्हणतात," प्रणीतजी सांगत होते. पुढच्या रांगांत मराठी मंडळी जास्त दिसली की ते कन्नड सोडून मराठीत बोलत. "गिटारवाले पायानं दाबतात, आवाज बदलतात, मजा करतात. अरे, हे खेळणं नाही! हे नवग्रह आहेत. हा खरखरीत गर्जना करणारा मंगळ. हा एकदा वाजलेलं पुन्हापुन्हा ऐकवणारा शनी, कारण कर्म परत येतंच. आणि हा शेवटचा, केतू. केतू काय देतो?"

"मोक्ष!" सभागृह गरजलं.

"आज सायन्ससुद्धा हेच म्हणतंय. सगळं फ्रीक्वेन्सी आहे. देह जाईल, फ्रीक्वेन्सी कुठे जाईल?"

पहिल्या रांगेत बसलेल्या पद्माकरांनी उभ्या आयुष्यात फ्रीक्वेन्सीचे इतके हाल झालेले पाहिले नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कारखान्यात रडार दुरुस्त केले होते. पण ते तोंड उघडत नव्हते, कारण शेजारी शुभदा बसली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती इस्त्रीची साडी नेसू लागली होती, दोन घास जेवू लागली होती, आणि ते या माणसामुळे. नवऱ्याला याहून मोठी अडचण कुठली असणार?

ती गिटार, तो अँप्लिफायर आणि ते नऊ डबे त्यांच्या मुलाचे होते. ईशानचे. आठ महिन्यांपूर्वी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कामाला जाताना त्याच्या बाइकला ट्रकनं उडवलं. सव्वीस वर्षांचं पोर. हा अँप्लिफायर त्यानं होसकोट्याच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या गोदामातून उचलून आणला होता. बापलेकांनी मिळून तो उघडला, सुकलेले कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह शोधून आणले. पद्माकरांना मुलाचं संगीत कधी कळलं नाही. पण त्या तीन महिन्यांत दोघं जेवढं बोलले तेवढं आधीच्या दहा वर्षांत बोलले नव्हते.

दुःखाच्या घरात शिरायची वाट ज्याला त्याला सापडते. तेराव्यानंतर महिन्याभरात प्रणीतजी दारात हजर झाले. ईशानचं वाजवणं आपण ऐकलंय, त्याच्या वस्तूंची नादशुद्धी करायला हवी, म्हणाले आणि सगळं सामान टेम्पोत घालून घेऊन गेले. पाच महिने शुद्धी चालली, मग निरोप आला: ईशान येतोय. दर रविवारी या.

आणि खरोखर, गिटारला कुणी हात न लावता ती वाजायची. ईशानच्याच ढंगात! माणसं तोंडात बोटं घालायची. शुभदा हुंदके देत ऐकायची. पद्माकर पहिल्या रविवारी तिच्याइतकेच रडले. दुसऱ्या रविवारी मात्र त्यांची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली. एक मिनिट बावन्न सेकंद. तिसऱ्या रविवारी, एक मिनिट बावन्न सेकंद. चाळिसाव्या सेकंदाला एक सूर दोन्ही वेळेला तसाच घसरला. आणि शेवटची वीस सेकंदं राहिली की प्रणीतजी "ॐ" म्हणत घंटा बडवायला लागायचे ते सूर संपेपर्यंत थांबायचेच नाहीत. चौथ्या रविवारीही तेच. माणसाचा आत्मा घड्याळ लावून येत असेल, पण दर वेळी त्याच ठिकाणी चुकेल?

त्यांनी रंजिताला फोन केला. रंजिता मूळची निपाणीची. ईशानच्याच कारखान्यात होती आणि त्याच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायची.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, त्या डब्यांतला शेवटचा कसला? लालभडक, एकच मोठं बटण असलेला?"

"फडक्याखाली असतात. पण घरी होता तसा एक लाल डबा."

"मग तो लूपर हाय, काका. तुम्ही वाजवायचं, त्यो ध्यानात ठेवतोय. परत पाय मारला की तेच वाजवून दाखवतोय. ईशान घरात बसून त्याच्यात चाली भरून ठेवायचा. बाकी आठ डबे आवाज बदलत्यात फक्त. ह्यो एकटा आवाज साठवतोय."

 साधं रेकॉर्डिंग! रडारवाल्या माणसाच्या घरातल्या वस्तूनं त्यालाच रडवलं होतं. पद्माकरांना राग आला तो स्वतःचाच.

"पुढच्या रविवारी तो मुक्ती देणार आहे," ते म्हणाले. "शुभदानं सगळं सामान त्याच्या नादमंदिराला अर्पण करायचं, मग ईशान शेवटचं वाजवणार आणि कायमचा शांत होणार."

 मग रंजिता म्हणाली, "काका, त्या बटणावर दोन सेकंद पाय दाबून धरला की आतलं पुसलं जातंय. परत येत नाही. त्यानं शेवटचं वाजवलेलं तेवढंच असंल."

"वीज बंद केली तर?"

"विजेनं पुसत नाही. पायानं पुसतंय. खरं तुम्ही घाई करू नका, मी येतो की. आणि ती घंटा कशाला बडवतोय ते बघायला पाहिजे."

पद्माकरांनी त्या रात्री शुभदाला सांगायचा प्रयत्न केला. तिनं हात जोडले. "तुम्हाला सगळ्यात यंत्रच दिसतं हो. मला माझा मुलगा ऐकू येतोय, तेवढं तरी राहू द्या!"  पण राहू द्यायचं म्हटलं तरी राहणार नव्हतं, हीच तर गोम होती.

आणि आज तो रविवार उजाडला होता. रंजिता भिंतीला टेकून उभी होती, व्यासपीठापासून चार पावलांवर. पद्माकरांनी स्वतःसाठी जागा निवडली ती व्यासपीठालगतची, अँप्लिफायर आणि डबे दोन्हींना वीज पुरवणाऱ्या भिंतीतल्या प्लगजवळची.

प्रणीतजींनी अँप्लिफायर चालू केला. अर्ध्या मिनिटात मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसू लागला.

"पाहा! तेल नाही, वात नाही, तरी ज्योत!"

"अय्यो देवरे!" मागून कुणीतरी कन्नडमध्ये देवाचं नाव घेतलं. व्हॉल्व्हची काचेची नळी तापली की दिसतो तो उजेड. आजोबांच्या पिढीतल्या प्रत्येक रेडिओत ही ज्योत तेवत होती आणि तिच्यापुढे लोक बातम्या ऐकत जेवत होते. तेव्हा कुणी तिला नमस्कार केल्याचं ऐकिवात नाही.

"बारा वर्षांची नादसाधना असल्याशिवाय ग्रह जागे होत नाहीत," प्रणीतजींनी डोळे मिटले. "ये, ईशान, ये!"

भगवं फडकं केतूच्या जागी किंचित दबलं. बघणाऱ्यांचं लक्ष गिटारकडे होतं. पद्माकरांचं प्रणीतजींच्या उजव्या अंगठ्याकडे होतं.

सूर उमटले. संथ, थोडे खरखरीत, मध्येच लाडात आल्यासारखे. शुभदानं पदर तोंडाशी धरला. चाळीस सेकंद, सूर घसरला. पद्माकर उठले. कुणाला वाटलं, बापाला राहवलं नाही, व्यासपीठावर डोकं टेकायला चाललाय. दीड मिनिट होता होता प्रणीतजींनी घंटा उचलली आणि पद्माकरांनी तिच्या आतला लोलक मुठीत पकडला.

"काका, हे काय? सोडा! दोष लागेल!" प्रणीतजी ओरडले.

"लागू दे मला. आज घंटेशिवाय ऐकूया."

प्रणीतजींनी मोठ्यानं "ॐ" सुरू केला, तोवर रंजितानं त्यांच्या गालावरचा माइक ओढून काढला होता. आणि मग भरल्या सभागृहात, गिटारच्या सुरांमागून, बारीक पण स्वच्छ ऐकू आलं ते असं: कुकरची शिट्टी. लगेच दुसरी. सूर चालूच. मग तिसरी. आणि तिच्या पाठोपाठ, लांबून, बाईच्या आवाजात:

"ईशान, गॅस बंद कर रे! तीन झाल्या!"

सूर तिथेच तुटला.

 आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. "स्वर्गात कुकर लावतात होय?"

शुभदा उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक. "तो माझा आवाज आहे," ती म्हणाली. "मी न्हाणीघरात असले की मीच ओरडायची. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर म्हणून." तिनं प्रणीतजींकडे पाहिलं. "मी तर अजून जिवंत आहे. माझा आत्मा कधी बोलावलास तू?"

प्रणीतजींच्या तोंडचं पाणी पळालं, पण असली माणसं सहजासहजी हार मानत नाहीत. "निगेटिव्ह व्हाइब्रेशन! ग्रह बिघडले! मुक्ती आत्ताच द्यायला हवी!" ते ओरडले, आणि अनवाणी पाय फडक्यावर आपटून दाबून धरू लागले.

"काका, प्लग!" रंजिता किंचाळली.

पद्माकरांनी भिंतीतून वायर हिसकली. नारिंगी उजेड विझत गेला.  एक सेकंद झाला होता की दोन? पुसलं गेलं की राहिलं? ईशान दुसऱ्यांदा गेला तर तो आपल्यासमोर गेला, असं त्यांच्या मनात आलं.

रंजितानं प्रणीतजींना खुर्चीसकट बाजूला सारलं आणि सगळ्यांसमोर फडकं ओढलं. मंगळ, शनी, चंद्र वगैरे मंडळी उघडी पडली. रंगीत पत्र्याचे डबे, वायरींनी एकमेकांना जोडलेले. हिरव्या डब्यावर ईशाननं मांजराचं चित्र चिकटवलेलं होतं. शेवटी तो लालभडक केतू.

"ह्यो आवाज साठवतोय," तिनं माइकवर सांगितलं, मराठीत आणि मग कन्नडमध्ये. "पायानं दाबला की ऐकवतोय. ईशानची गिटार जुनी. तिच्या तारांखाली आवाज टिपायचं चुंबक असतंय, त्यातलं मेण सुकलंय, म्हणून ती थोडी माइकसारखी वागत्या. जवळचा मोठा आवाज तिच्यात शिरतोय. ईशानच्या खोलीला लागून स्वयंपाकघर होतं. शिट्ट्या शिरल्या, काकूंची हाक शिरली. ह्या माणसाला ते ठाऊक होतं, म्हणून घंटा. झालं, एवढंच हाय."

पद्माकरांनी प्लग पुन्हा लावला. अर्धं मिनिट. व्हॉल्व्ह उजळले. रंजिता वाकून बटण दाबणार तोच शुभदानं तिला थांबवलं.

"मी दाबते."

"काकू, पायानं दाबायचं."

शुभदानं चप्पल काढली, साडी किंचित उचलली आणि पायाचा अंगठा बटणावर ठेवला. पुढच्या क्षणी ईशान वाजवू लागला, पहिल्या सुरापासून. घसरला, सावरला, पुढे गेला. पद्माकरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पहिली शिट्टी, दुसरी, तिसरी. "ईशान, गॅस बंद कर रे!"

"मी कुठली बारा वर्षं साधना केली?" शुभदानं सभागृहाला विचारलं. तिचा आवाज चढला होता. "कुकर लावला, वरणभात केला, एवढीच माझी साधना. आणि हा माणूस माझ्या मुलानं वाजवलेलं माझ्याच देखत पुसणार होता! मी हात जोडून त्याला पुसायला लावणार होते!"

तिसऱ्या रांगेत धनलक्ष्मी नावाच्या बाई गेलेल्या नवऱ्याचं व्हायोलिन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या रविवारपासून त्यांची पाळी होती. त्या उठल्या, व्हायोलिनची पेटी छातीशी धरली आणि प्रणीतजींकडे न बघता जिना उतरून गेल्या. त्यांच्यामागे बरेच गेले. काही मात्र पद्माकरांवरच चिडले. "आमची श्रद्धा मोडलीत," एकजण म्हणाला.

"श्रद्धा मोडली नाही, फडकं उचललं," पद्माकर म्हणाले. "तुमचंही कुणी गेलं असेल. रडा, आठवणी काढा, त्यांच्या वस्तू जपा, कुणी अडवलंय? पण कुणी म्हणालं, मी त्यांना बोलावून आणतो, तर घड्याळ लावा. पायाखाली काय आहे बघा. घंटा का वाजते विचारा. आणि विचारल्यावर तो दोष लागेल म्हणाला, तर समजा की उत्तर मिळालं."

या गडबडीत नादगुरू मागच्या जिन्यानं कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. घंटा मात्र विसरले.

संध्याकाळी सामान घरी आलं. रंजितानं लूपरमधलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, दोन ठिकाणी. शुभदानं तिला जेवायला थांबवलं आणि सवयीनं कुकर लावला. अँप्लिफायर हॉलमध्ये तापत होता.

वरच्या मजल्यावरच्या बाई चौकशीला आल्या. "म्हणजे आता ईशान नाहीच येणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," शुभदा म्हणाली. असं स्पष्ट ती आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलली. "माझा मुलगा गेला. त्यानं वाजवलेलं राहिलं. दोन्ही खरं आहे. तिसरं काही सांगायला कुणी आलं ना, तर त्याला आधी पाय वर घेऊन बसायला सांगा."

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. पद्माकर उठले आणि त्यांनी गॅस बंद केला.