चरापलीकडची गॉडमदर

रेजिनाहून दक्षिणेला गाडी हाकत राहिलं की गव्हाची शेतं संपायच्या आधी कॅनडा संपतो. तिथे आमचं हॅलोरन गाव. मोजकी घरं, एक चर्च, धान्य साठवायचा एक उंच एलिव्हेटर आणि माझ्या नवऱ्याचं, कास्मिरचं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. अंगणापुढे खडीचा रस्ता, रस्त्याला लागून गवताने भरलेला चर आणि चराच्या पलीकडे अमेरिका. वसईचे पाहुणे आले की आधी कुंपण शोधतात. कुंपण नाहीच म्हटल्यावर त्यांची निराशा होते.

पलीकडच्या पहिल्या घरात ट्रेसी राहायची. आम्ही नवे आलो त्या हिवाळ्यात आमच्या नळाच्या खारट पाण्यात डाळ शिजेना म्हणजे शिजेना. मी चुलीपुढे रडकुंडीला आले होते. कसं कोण जाणे, तिच्या कानावर गेलं आणि ही धिप्पाड बाई दोन बादल्या पाणी घेऊन दारात उभी. तिच्या विहिरीचं पाणी गोड होतं, आमच्या वसईच्या वाडीतल्या बावखलासारखं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यासारखं. त्या दिवशी डाळ शिजली आणि मी तिला ती भाताबरोबर वाढली. तिखटाने तिचे डोळे वाहत होते, पण बाईने ताट पुसून खाल्लं.

मग माझा रोजचा रिवाजच झाला. बादली घ्यायची, चर ओलांडून अमेरिकेत जायचं, पाणी शेंदायचं, कॉफी प्यायची आणि परत कॅनडात येऊन स्वयंपाकाला लागायचं. कोणी विचारलं नाही की अडवलं नाही. केविन झाला तेव्हा बाप्तिस्म्याला ट्रेसीनेच त्याला हातावर धरला. इथे आमच्या नात्यातलं कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी तिलाच गॉडमदर केलं असतं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. वाजतगाजत विहिरीवर जायचं, हंडा भरून आणायचा आणि सकाळी त्या पाण्याने नवऱ्या मुलाला किंवा नवरीला आंघोळ घालायची. मोठ्या मुलीच्या, क्रिस्टाच्या लग्नात आम्ही सगळं गाव घेऊन चर ओलांडला होता. कास्मिरच्या गळ्यात घुमट, म्हणजे आमचं मडक्यासारखं मातीचं वाद्य, माझ्या डोक्यावर हंडा, शेतकऱ्यांच्या बायका छत्र्या धरून मागे. ट्रेसीने गाण्याचं ध्रुपद पाठ केलं होतं आणि ते तिच्या चालीत, आमच्याहून मोठ्याने म्हणत होती. गस्तीवरच्या माणसाने गाडी थांबवली ती आम्ही दिलेले गरम फुगे, आमचे तळलेले गोल पाव, खायला. असे दिवस होते ते. आज कोणाला सांगितलं तर म्हातारी बाता मारते म्हणतील.

मग हळूहळू सगळं आवळत गेलं. चरापलीकडे खांबावर कॅमेरा आला. गावातला छोटा नाका बंद झाला. माझ्या सिंकपाशी उभं राहिलं की ट्रेसीच्या किचनमधला दिवा दिसतो, पण तिथे जायचं तर हायवेवरच्या मोठ्या नाक्यावरून अर्धा दिवस मोडायचा. तरी मी जात असे. ट्रेसीने मात्र पासपोर्ट कधी काढलाच नाही. शेजारणीकडे जायला कसला पासपोर्ट, म्हणायची. त्यात एका हिवाळ्यात ती पडली, खुबा मोडला आणि गाडीतला लांबचा प्रवासही बंद झाला.

आणि २०१७च्या ऑक्टोबरात केविनचं लग्न ठरलं. व्हँकुव्हरला फिल्मच्या कामात असलेला मुलगा लग्न गावच्याच चर्चमध्ये करणार म्हणाला, म्हणून मी हवेत होते. पण आमच्यात पहिलं पाणी गॉडमदर घालते, आणि ती तर समोर दिसत असून येऊ शकत नव्हती; लग्नाच्या सकाळी अर्धा दिवस मोडून आम्हालाही तिकडे जाता येणार नव्हतं. केविनला सांगितलं तर तो म्हणाला, "मम, टॅप वॉटर इज फाइन. ट्रेसी आँटीला व्हिडिओ कॉल करू." मी रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

कास्मिरने आपल्या परीने तोड काढली. लग्नाच्या आदल्या दुपारी दोन पेग पोटात गेल्यावर त्याला साक्षात्कार झाला की चोरून जाणारा पकडला जातो, वाजवत जाणाऱ्याला कोण अडवणार? गळ्यात घुमट अडकवून, बगलेत हंडा मारून हा शहाणा चर ओलांडून निघाला. त्याचं वाजवणं मला किचनपर्यंत ऐकू येत होतं, मग सगळ्या अमेरिकेला येणारच. विहिरीपर्यंतही पोचला नाही, तोवर गस्तीची गाडी आली. ऑफिसर तरुण होता, नीट वागला. नाव-पत्ता घेतला, पुन्हा असं केलं तर प्रकरण वाढेल म्हणून बजावलं आणि चरापर्यंत आणून सोडलं.

मी तोंडसुख घ्यायला तयारच होते. पण कास्मिर रिकामा हंडा पुढ्यात ठेवून पायरीवर बसला आणि म्हणाला, "ती व्हरांड्यात होती गं. हात वर करून मला बोलवत होती. मी अर्ध्यातून परत फिरलो."

मी ट्रेसीला फोन लावला. ती म्हणाली, माझ्या वतीने तूच घाल पाणी. मला राग आला. कोणाच्या वतीने आई होता येत नाही, तर गॉडमदर कशी होता येईल? मी तिला सांगितलं, सकाळी प्रेस्टनला पाणी शेंदायला लाव, दोरीला तुझा हात लाव आणि चरापर्यंत ये. मी माझा मुलगा घेऊन येते. प्रेस्टन म्हणजे तिचा मुलगा. तो पलीकडून ओरडून हो म्हणाला.

सकाळी गवतावर पांढरं दंव होतं. आम्ही जाड जॅकेटांत, आणि केविन हाफ पँटवर, खांद्यावर टॉवेल, दात वाजवत. पलीकडे प्रेस्टनने ट्रेसीची व्हीलचेअर चराच्या काठाला आणली. तिच्या मांडीवर पाण्याचा जग होता. मागे कालचीच गस्तीची गाडी उभी, शेजारी तोच ऑफिसर.

प्रेस्टनने आधार दिला, ट्रेसी उभी राहिली आणि तिने पाणी फेकलं. ते चरातल्या गवतात पडलं. तिने पुन्हा फेकलं, पुन्हा गवतातच. एके काळी दोन बादल्या घेऊन चर ओलांडणारी बाई ती, तिला आता जगभर पाणीही पलीकडे पोचवता येईना. "आय कान्ट, सेलीन," ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

केविनने टॉवेल माझ्या हातात दिला आणि तो चरात उतरला. ऑफिसरला म्हणाला, "सर, लाइन नक्की कुठे आहे? शो मी, प्लीज."

ऑफिसर काठावर आला आणि बुटाच्या टोकाने गवतात जागा दाखवली. केविनने त्या जागेच्या अलीकडे गुडघे टेकले, पलीकडे वाकला आणि मान खाली घातली. गुडघे कॅनडात आणि डोकं अमेरिकेत. ऑफिसरने पाठ फिरवली आणि तो शेताकडे बघू लागला.

प्रेस्टनने आईला धरून दोन पावलं खाली उतरवलं. तिने उरलेलं पाणी केविनच्या डोक्यावर ओतलं. त्या गारठ्यात त्याचं सगळं अंग शहारलं, पण तो हलला नाही. माझ्यामागे कास्मिर घुमट वाजवायला लागला. मी गाणं उचललं, सूर कुठल्या कुठे गेला. ट्रेसीने जग प्रेस्टनकडे दिला आणि केविनच्या ओल्या केसांवर हात ठेवला. गाणं संपलं, वाजवणंही थांबलं. तिने हात काढला नाही, आणि त्यानेही डोकं अलीकडे घेतलं नाही.