मामींचा आवंढा

मी कुंभकोणमच्या कोदैचं व्हायोलिन बोलतोय. तंजावरच्या एका वीणा करणाऱ्याने हट्टाने मला घडवलं. पाठ वीणेसारखी फणसाच्या लाकडाची घातली, म्हणून माझा आवाज जरा घोगरा.

कोदै मांडी घालून बसते आणि माझं डोकं तिच्या उजव्या पावलावर टेकतं. वीस वर्षं रोज पहाटे तिने नुसता लांब गज ओढला. एक श्वास, एक सूर. मला कंटाळा यायचा, तिला नाही. तिचा सूर केसभरही ढळत नसे.

ती राजम मामींच्या गाण्याला साथ करायची. साथीची रीत अशी, की मामी गातील ते मागोमाग वाजवायचं आणि त्या थांबल्या की आपला आलाप करायचा. मागोमाग वाजवण्यात कोदै पक्की होती. पण स्वतःची पाळी आली तरी ती मामींचंच पुन्हा वाजवी.

एकदा तालमीत तोडी गाताना मामींनी मध्येच आवंढा गिळला. कोदैनेही तिथेच सूर तोडला, अगदी तेवढाच.

"अगं, माझा आवंढासुद्धा वाजवलास?"

मृदंगवाले गणपती हसून लोळायचे बाकी राहिले. मामी मात्र हसल्या नाहीत.

"सगळं माझंच वाजवायचं, तर तू कशाला हवीस? उत्सवात शेवटचं बघते. नाहीतर दुसरी कोणीतरी शोधीन."

त्या रात्री कोदै जेवली नाही. मलाही फार वाईट वाटलं.

उत्सवात, देवळाच्या मंडपात, मामींनी पुन्हा तोडीच घेतली. वय एकाहत्तर. वरच्या षड्जावर त्यांचा दम तुटला. मी घाबरलो, आता ही पण सूर तोडणार! पण कोदैने सूर धरून ठेवला. गज जराही थरथरला नाही. त्या सगळ्या कंटाळवाण्या पहाटा तिथे कामाला आल्या. मामींनी मानेनेच खूण केली, चालू दे. कोदै हळूहळू खाली उतरली आणि मामी कधीच रेंगाळत नसत त्या खालच्या धैवतावर रेंगाळली. माझा घोगरेपणा तिने लपवला नाही. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच भेटली.

नंतर कॉफी पिताना मामी म्हणाल्या, "माझा दम तुटला, तो नाही वाजवलास?"

"तो तुमचा होता, मामी."

"हं. शुक्रवारी तालमीला ये. उशीर करू नकोस."

आता मामी नाहीत. कोदै शिकवते. माझी एक खुंटी सैल झालीय, म्हणून वाजवता वाजवता थांबून ती पिळावी लागते. परवा एका शिष्येने कोऱ्या करकरीत व्हायोलिनवर तोडी वाजवली आणि कोदै थांबते बरोबर त्याच जागी थांबून खुंटीला हात लावला.

पोरींनो, गज रोज ओढा, त्यातून सुटका नाही. पण सैल खुंटी माझी आहे गं, तुमची नाही.