आमदार मयतीला येतात

माझे वडील आधी शेतकरी, मग आमदार, आणि त्यातून वेळ उरलाच तर वडील. हे मी रागानं सांगत नाही. म्हणजे रागानंच सांगते, उगाच खोटं कशाला बोलू?

तासगावच्या बाजूला आमची द्राक्षबाग. मी शाळेत होते तोवर आबांच्या सदऱ्याला गंधकाच्या भुकटीचा वास यायचा. मग कालव्याच्या पाण्यासाठी त्यांनी मोर्चा काढला, लोकांनी डोक्यावर घेतलं आणि नव्वद साली ते निवडून आले. बाग आईच्या गळ्यात पडली. छाटणी, फवारणी, मजूर, व्यापारी, सगळं तिनं बघायचं. लीलावतीबाई म्हटलं की औषधाचा दुकानदार उठून उभा राहायचा. आणि आबा काय बघायचे? मयती.

हसू नका. आमच्याकडे आमदार लग्नाला आला नाही तर एकवेळ चालतं, मयतीला आला नाही तर माणसं पुढच्या मतदानापर्यंत ध्यानात ठेवतात. त्यामुळे आबा सकाळी जीपमध्ये बसले की एका गावात माती, दुसऱ्यात सावडणं, तिसऱ्यात दहावा. सगळीकडे ठरलेलं. घोंगड्यावर जाऊन बसायचं, मान खाली घालायची, घरच्यांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "झालं ते लई वाईट झालं. धीर धरा. काय लागलं तर सांगा, मी हाय." जरा वेळानं उठायचं, नमस्कार करायचा, की जीप पुढच्या गावाला.

नव्याण्णव साली माझ्या बाळंतपणासाठी आई तोक्योला आली. तिथल्या ओजिमा भागात, सरकारी वसाहतीत आम्ही राहायचो. उदय, माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी जायचा तो आमची तान्ही नेत्रा झोपल्यावरच उगवायचा. आईला इथलं फारसं काही आवडलं नाही, एक कचरा सोडून. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, हे तिला फार पटलं. "आपल्या ग्रामपंचायतीला दाखवायला पायजे," म्हणायची. त्या शुक्रवारी जळणाऱ्या कचऱ्याची पिशवी घेऊन ती खाली गेली आणि कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून कचऱ्यावर टाकायच्या जाळीपाशीच कोसळली. शेजारच्या ओकुमुरा-सान मला बोलवायला धावत वर आल्या. हॉस्पिटलात म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय. संध्याकाळी संपलं सगळं.

आबांना फोन केला तेव्हा तिकडे निवडणूक लागली होती. पक्षाचं तिकीट मिळालं होतं, अर्ज भरायचा बाकी होता. "येतो," एवढंच म्हणाले. त्यांचा व्हिसा होऊन ते येईपर्यंत आईला बर्फात ठेवावं लागलं. मला वाटलं होतं, आले की जवळ घेतील. नारिता विमानतळावर उतरले ते कडक पांढऱ्या कपड्यांत, आणि बसमध्ये चढायच्या आधी उदयला विचारलं, "जावईबापू, उद्याचं परतीचं पक्कं हाय न्हवं? अर्जाची मुदत संपती."

मला एकच हवं होतं. दहाव्यापर्यंत त्यांनी राहावं. आईसाठी एकदा, फक्त एकदा, सगळं टाकून बसावं. पण मी बोलले नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर होतं तसं सगळंच बधिर झालं होतं, तोंडही आणि आतलंही.

त्याच दुपारी दहनाला आम्ही चारच माणसं. आबा, उदय, मी, आणि नेत्राला उराशी धरलेल्या ओकुमुरा-सान. आबांनी दारात थांबून मागे वळून बघितलं. सवय, दुसरं काय! त्यांच्या मागे नेहमी दहा-वीस जण असायचे. इथे एक फुलांचं रिकामं स्टँड होतं.

इथल्या रिवाजाप्रमाणे दहन झालं की घरच्यांनीच काड्यांनी अस्थी उचलून कुंभात ठेवायच्या. पायापासून सुरुवात, डोकं शेवटी. गावात मला बाईमाणसाला कोण सावडायला नेणार होतं? इथे पांढरे हातमोजे घातलेल्या माणसानं काड्यांची एक जोडी आबांना दिली, एक मला. दोघांनी मिळून एकच हाड धरायचं. आई एवढीशी झाली होती आणि आम्ही बाजारात भाजी निवडावी तशी तिला निवडत होतो. शेवटी झाकण लागलं.

मग आबा माझ्यासमोर आले. मान खाली घातली. माझा हात हातात घेतला.

"झालं ते लई वाईट झालं, ताई," म्हणाले. "तुम्ही धीर धरा. काय लागलं तर सांगा, मी हाय."

आणि नमस्कार करून दाराकडे गेले. तिथे वाकून चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

मला ताई! मला तुम्ही! पोटच्या पोरीला!

"आबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की नेत्रा दचकून रडायला लागली. "कुणाच्या मयतीला आलाय तुम्ही? माझी आई आहे ती! तुमची बायको आहे! निघालात कुठं? पुढचं गाव कुठाय इथं, दाखवा ना मला!"

हातमोजेवाला भिंतीला चिकटून उभा राहिला. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग कुंभाकडे. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बायको हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला असावा. मग सावकाश चालत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, अगदी कडेला, परक्याच्या घरी बसतात तसे.

"दीपा," हळूच म्हणाले, "ह्या बाजूला बसून करायचं काय असतं गं?"

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, ते सगळं गेलं. माझा रागही गेला, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

"काही नाही, आबा. येणाऱ्या माणसांची वाट बघायची."

"हितं कोण येणार?"

"कुणी नाही."

त्यांनी मान हलवली. जरा मागे सरकून खुर्चीवरच मांडी घातली, आणि उदयकडे न बघताच म्हणाले, "जावईबापू, ते उद्याचं रद्द करा. कुणीतरी बसाय पायजे."