जनरलसाहेबांचे पाय

डॉक्टर सुप्रभा सावंतला माणसाच्या शरीराची किळस कधीच आली नव्हती. इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये अठरा वर्षं प्रॅक्टिस करताना तिने चिघळलेल्या जखमा आणि महिनोन् महिने पाणी न लागलेली अंगं नाक न मुरडता तपासली होती. किळस आली ती जनरल ऑल्डरिजची, आणि गंमत म्हणजे ती दर गुरुवारी म्हाताऱ्यांच्या ज्या नर्सिंग होममध्ये तपासायला जाई, तिथे त्याच्याइतका स्वच्छ, नेटका म्हातारा दुसरा नव्हता.

बेचाळीस साली ब्रह्मदेशातून माघार घेताना त्याची ब्रिगेड एका नदीशी अडकली होती. सर्व जखमी सुखरूप नदीपार आणले, असा अहवाल त्याने वर पाठवला, आणि त्या एका अहवालाच्या जोरावर तो ब्रिगेडियरचा पुढे जनरल झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हे मोठ्या अदबीने ऐकवी. सुप्रभाचे वडील त्याच ब्रिगेडमध्ये होते. मांडीत गोळी लागून तंबूतल्या इस्पितळात पडल्याचं त्यांचं पत्र आलं आणि त्यानंतर सरकारकडून नुसता 'बेपत्ता' एवढा शब्द. त्याला आता शेहेचाळीस वर्षं झाली होती. आईचं हृदय थकलं होतं आणि तिचा एकच घोशा होता.

"मी सवाष्ण म्हणून जायचं की विधवा म्हणून, तेवढं विचार त्याला. तारीख सांगितली तर तिथी मी काढते."

सुप्रभाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा जनरल गोड हसला आणि म्हणाला की मागे कुणीच राहिलं नव्हतं. किळस आली ती त्या हसण्याची.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मेट्रनने तिला जनरलच्या चादरीवरचं रक्त दाखवलं. घोट्यापाशी तीन कोपऱ्यांचा एक बारीक व्रण होता, दुखत नव्हता, पण रक्त थांबत नव्हतं. कुठला तरी किडा चावला असेल, असं मेट्रन म्हणाली. सावंतवाडीच्या भातखाचरांत बालपण गेलेल्या सुप्रभाने तो व्रण पाहताक्षणी ओळखला, पण जळू हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. जो माणूस दोन वर्षं पलंगावरून उठला नव्हता, त्याला दुसऱ्या मजल्यावर जळू लागली म्हणायचं, तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

पुढच्या गुरुवारी व्रण सात होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाय पाण्यात भिजत पडल्यासारखे पांढरे, फुगलेले होते आणि बोटांच्या बेचक्यांत काळा चिखल होता. सकाळीच आपल्या हातांनी आंघोळ घातल्याचं मेट्रन शपथेवर सांगत होती. खोलीत साबणाच्या वासाखालून कुजक्या गवताचा वास येत होता.

चौथ्या गुरुवारी सुप्रभाने मोजा उतरवला, तर पिंढरीला दोन जळवा चिकटलेल्या. बोटाएवढ्या जाड, रक्त पिऊन तट्ट फुगलेल्या.  जेवणाच्या ट्रेमधून तिने चिमूटभर मीठ उचललं. गावाकडे एवढ्याने जळू गळून पडे.

जनरल छताकडे पाहत होता. "काढा त्यांना, डॉक्टर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हतं.

मीठ तिच्या चिमटीतच राहिलं. "आधी तारीख सांगा."

 जनरल अगदी हळू म्हणाला, "पूल मीच उडवला. इस्पितळ पलीकडे होतं."

"मग ते कधी गेले?"

"गेले?" त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "ते निघालेत. रोज थोडे पुढे येतात."

सुप्रभाने मीठ ट्रेमध्ये परत टाकलं. मोजा जळवांवरून गुडघ्यापर्यंत ओढला, पांघरूण नीट खोचलं आणि तक्त्यावर लिहिलं की पाय कोरडे आहेत, तक्रार काही नाही. खाली सही केली. सही नेहमीसारखीच नेटकी उमटली आणि आपल्याच हाताची तिला शिसारी आली.

घरी गेल्यावर तिने आईला सगळं ऐकलं तसं सांगितलं. तिला वाटलं होतं, आई रडेल. आईने नुसती मान हलवली, स्वयंपाकघरात जाऊन मोठं पातेलं गरम पाण्याने भरलं आणि दोन्ही हातांनी सांभाळत, येणाऱ्याला पाय धुवायला म्हणून, बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवलं.