पेठ नाक्यावरचा रविवार

मी पेठ नाक्यावरचा फ्लेक्स. मान वर करून बघा जरा. बघत नाही कोणी, तेच तर माझं दुखणं आहे.

सातपूरच्या एका दुकानात यंत्राने मला ओकून टाकलं. वरच्या अर्ध्या भागात साहेब लोक, हात जोडलेले, दात काढलेले. उरलेल्या जागेत मजकूर: 'विद्यापीठ सर्वांसाठी खुले! प्रदर्शन, व्याख्यान, विद्यार्थी-पालक मेळावा. रविवार, दि. १५ जून.' आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, खरी कामाची ओळ: 'मेळाव्यास येणाऱ्या बाहेरगावच्या मुलींना वसतिगृहाच्या खोल्या जागेवरच मिळतील.' साहेबांचं नाक त्या ओळीपेक्षा मोठं होतं!

फ्लेक्स लावणाऱ्या दत्तूने मला इथे बांधलं, सुरगाण्याच्या जीपा थांबतात तिथे. खाली मंगलाबाईची चहाची टपरी.

माझी तळाची ओळ वाचली ती एकट्या निकिताने. बारावी झालेली, बापाबरोबर जीपमधून उतरलेली. तिने बोट वर करून एकेक शब्द बापाला वाचून दाखवला. रंगनाथ शाळेची पायरी चढलेला नव्हता.

"खोली मिळाली तं शीक," तो म्हणाला. "नाय तं यंदा आमच्यासंगं द्राक्षाच्या बागांवर. पन नीट वाचलंस ना?"

"वाचलं, बाबा. रविवार, पंधरा तारीख."

मी असा फुगलो होतो म्हणता! पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

मग प्रमुख पाहुण्यांना रविवारी सवड नाही असं निघालं, आणि सगळा कार्यक्रम शनिवारवर आला. दत्तू टपरीवर चहा पीत होता. त्याच्या फोनमधून कार्यक्रमाचे प्रमुख विश्वेश सर खणखणीत ऐकू येत होते. "सगळ्या फ्लेक्सवर शनिवार, चौदाची पट्टी चिकटव."

"सर, पेठ नाक्याच्याला पण?"

"अरे, जीपमधून उतरणारी माणसं कुठे विद्यापीठात येतात! तो राहू दे. ग्रुपवर टाकलंय सगळ्यांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरी गेली.

शनिवारी तिकडे सत्कार झाले, शाली झाल्या, खोल्याही वाटून झाल्या. रविवारी सकाळी निकिता आली. इस्त्रीचा ड्रेस, छातीशी कागदांची पिशवी. माझ्याकडे बघून हसली आणि बापाला घेऊन रिक्षात बसली. मी नुसता फडफडलो. फ्लेक्सला दुसरं काय येतं?

थोड्या वेळाने दत्तू धावत आला. फोन सुरूच होता. "एक मुलगी आणि तिचा बाप ऑफिसात बसलेत," विश्वेश सर सांगत होते. "पेठ नाक्याला रविवार लिहिलंय म्हणतायत. मी म्हटलं, शक्यच नाही. ते परत यायच्या आत पट्टी लाव. उगाच तक्रार नको."

दत्तू शिडीवर चढला आणि माझ्या रविवारावर शनिवार चिकटवून मोकळा झाला. मंगलाबाई खालून बघत होती.

दुपारी बापलेक परतले. निकिता लांबूनच बोट दाखवत होती, "बघा बाबा, बघा..." आणि तिथेच थबकली.

"ताई, वरती काय लिवलंय?" रंगनाथने मंगलाबाईला विचारलं.

"शनवार लिवलंय, दादा. चौदा तारीख."

"वरून चिकटवलंय, बाबा! आत रविवार आहे! मावशी, तुम्ही तर इथेच असता. सकाळी वर रविवारच लिहिलेलं होतं ना?"

मंगलाबाईने स्टोव्हला पंप मारला. "मला काय म्हाईत, बाई. मी चहा करती." दत्तू तिचं रोजचं गिऱ्हाईक होता ना!

निकिता उड्या मारमारून पट्टीपर्यंत हात पोचवू बघत होती. जीपवाले फिदीफिदी हसले. रंगनाथने तिच्या काखेतली पिशवी काढून घेतली आणि जीपच्या टपावर फेकली.

"लय वाचता येतं म्हनत होतीस," एवढंच तो बोलला.

पावसाळा सरला, आता द्राक्षाची छाटणी सुरू झाली आहे. मला काढायलाही कोणी आलेलं नाही. माझ्या खाली सकाळी मजूर उभे राहतात, बागाईतदार येऊन निवडून नेतात. परवा त्यांत बापाशेजारी निकिता होती. एक बागाईतदार ओरडला, "औषधाच्या बाटलीवरचं वाचणारं कोणी हाय का? सावलीतलं काम देतो!"

"हिला येत आसंल," म्हणत मुकादमाने निकिताकडे बोट केलं.

"तिला नाय वाचता येत," रंगनाथ म्हणाला. आणि ती बाकीच्या मजुरांमागे पिकअपमध्ये चढली. वर बघितलंसुद्धा नाही तिने.

अहो, जाता-येता कोणी तरी शिडी आणा आणि ही पट्टी ओढा. रंगनाथला हाताला धरून माझ्यासमोर उभं करा. पण वाचायला दुसऱ्या कोणाला बोलावू नका. तिलाच वाचू द्या.