गालिच्याखालची फळी

मित्रांनो, बोट काठाला लागली की माझे एक टोक बोटीच्या कडेवर आणि दुसरे काठावरच्या दगडावर ठेवायचे. मग माझ्यावरून चालत प्रवासी कोरड्या पायांनी उतरायचे. मी उतरणीची एक जुनी फळी आहे. आता गवतात पडून आहे, त्यामुळे बोलायला वेळच वेळ आहे.

ज्या सुताराने मला घडवले त्याचा हात सावकाश चालायचा. त्याने मला रंधा मारून गुळगुळीत केले, आणि मग पाय घसरू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या. "फार देखणी झालीस तर लोक पडतील," असे तो माझ्याशीच बोलला. तेव्हा मला ते लागले होते.

आमची बोट लांबून आलेल्या पाहुण्यांना नदीतून फिरवायची. दोन्ही काठांना हिरव्या टेकड्या, मेंढ्या, फळबागा, मध्येच एखादी बंद पडलेली गिरणी. पाहुणे दिवसभर खुर्च्या टाकून बघत बसायचे. संध्याकाळी बोट एका शेतघराच्या काठाला लागायची आणि पाहुणे तिथे मुक्कामाला जायचे. बाकी सगळीकडे दगडी पायऱ्या होत्या. शेतघरापाशी मात्र मीच.

बोटीचा तांडेल म्हातारा आणि खडूस होता. पाहुण्यांना उतरवण्याआधी तो स्वतः माझ्या मधोमध उभा राहून टाच आपटायचा. माझा आवाज ठणठणीत आला की म्हणायचा, "हं, या आता." काम झाले की मला उभी करून वाऱ्यावर वाळवायचा. हंगाम संपला की जवसाचे तेल चोळायचा. कौतुकाचा शब्द मात्र त्याने कधी काढला नाही.

त्याची कंबर धरली आणि बोट जावयाच्या हाती आली. जावई भला माणूस. पाहुण्यांना सगळे छान दिसावे, ही त्याची तळमळ. त्याने पितळ घासले, खुर्च्या रंगवल्या आणि माझ्यावर एक लाल गालिचा खिळ्यांनी ठोकून बसवला. काय माझा थाट वाढला म्हणून सांगू! पाहुणे माझ्यावर उभे राहून फोटो काढू लागले. "किती सुंदर!" हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

गालिच्यावर चिखलाचे पाय उमटत. जावयाला ते खपत नसे. तो रोज सकाळी बादलीभर पाणी ओतून गालिचा घासून धुवायचा. गालिचा वरून सुकायचा. खालचे पाणी माझ्या अंगात मुरायचे. तो जितक्या मायेने धुवायचा, तितकी मी आतून कुजत होते. टाच आपटली तरी गालिच्यामुळे नुसता धप्प आवाज यायचा. पुढे तर आपटणेही बंद झाले.

अशात एका सहलीला एक मावशी आल्या. सोबत त्यांची भाची. मावशींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. शेतघरी उतरायचे म्हणून घरच्या गॅलरीत काठी टेकत येरझाऱ्या घालून त्यांनी तयारी केली होती. काठ जवळ येऊ लागला तशी भाची म्हणाली, "मावशी, तू बोटीतच झोप ना. मी थांबते सोबत."

"का? मी काय बोटीतलं सामान आहे?" मावशी म्हणाल्या. "जन्मभर तुमच्या सहलींचे डबे भरून दिले. आता एकदा मला उतरू दे."

त्यांनी काठी घट्ट धरली. मी मात्र आतून भुसभुशीत झाले होते आणि मला ओरडून सांगता येत नव्हते.

जावयाने मला काठाला टेकवले. मावशींची भली मोठी बॅग उचलून तो म्हणाला, "आधी ही ठेवून येतो, मग तुम्हाला हात देतो. गालिच्यावरून नेतो बघा, राणीसारखं!" तो माझ्या मधोमध आला आणि मी काडकन मोडले. जावई कंबरभर पाण्यात, बॅग त्याच्या डोक्यावर. टोपीवाले एक गृहस्थ मोठ्याने हसले. मग त्यांची नजर मावशींच्या गुडघ्याकडे गेली आणि ते जावयाला हात द्यायला पुढे झाले.

जावयाने माझे तुकडे काठावर ओढले, गालिचा फाडून काढला. आतले लाकूड काळे पडले होते, बोटाने उकरता येत होते. "मी रोज धूत होतो हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

धडधाकट पाहुणे एकमेकांचे हात धरून उड्या मारत उतरले. मावशी खुर्चीत जाऊन बसल्या. "जा तुम्ही. मला इथूनही दिसतंय," म्हणाल्या. पण काठाकडे पाठ करून बसल्या होत्या.

शेतघराची मालकीण काठावर आली होती. "कोण राहिलंय?" तिने विचारले. भाचीने सांगितले. मालकीण तडक घराकडे गेली. थोड्या वेळाने ती आणि तिचा नवरा लगबगीने येताना दिसले. दोघांनी मिळून काहीतरी जड उचलले होते. ते त्यांच्या घराचे दार होते, बिजागऱ्यांसकट!

"अगं, रात्री थंडी वाजेल," नवरा कुरकुरला.

"वाजू दे. ती एरवी तरी कुठं विचारून येते?"

त्यांनी दार बोटीला टेकवले. टोपीवाले गृहस्थ आणि जावई दोन्ही बाजूंनी पाण्यात उभे राहिले. मावशी उठल्या. काठी, एक पाऊल, पुन्हा काठी. मधोमध आल्यावर त्या थांबल्या. खाली कडी होती. त्यांनी काठावरच्या मालकिणीकडे बघून विचारले, "येऊ का घरात?"

"या की! दार तर तुमच्या पायाखालीच आहे."

मावशी गवतावर उतरल्या आणि काठी टेकत घराकडे निघाल्या. त्या रात्री शेतघराला दार नव्हते, एक चादर तेवढी लटकत होती. सकाळी कोंबड्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, आणि त्यांना हुसकावताना मावशींचे हसू मला इथवर ऐकू आले.

मित्रांनो, ज्याच्या आधाराने तुम्ही रोज ये-जा करता, त्याला नुसते सजवू नका. मग ती तुमची आजी असो, नाहीतर एखादा जुना पूल. कधीतरी वरचा गालिचा उचला, हात लावून बघा, जरा वाऱ्यावर वाळू द्या. आणि बघायचे राहूनच गेले, कुणाची वाट तुटली, तर हळहळत काठावर उभे राहू नका. घरी जा आणि दार काढून आणा.